कॅप्टनसह सेलबोट घ्यायचीय? बोट नंतर बघा, आधी कॅप्टनशी बोला

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा जणांचा ग्रुप, त्यात चार मोठी माणसं, सात वर्षांची एक मुलगी आणि एकाहत्तर वर्षांची आई. दोघांना पोहता येत नाही, शिडाच्या बोटीत आधी कोणीच बसलेलं नाही. अर्ध्या दिवसासाठी कॅप्टनसह सेलबोट घ्यायचीय, तर बोट कशी निवडायची, काय काय विचारायचं आणि आईला न्यावं का. मी बावीस वर्षं हेच काम करतोय, लहान ग्रुपना शिडाच्या बोटीतून फिरवून आणायचं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे फोटो बघून बोट ठरवू नका. फोटोत सगळ्याच बोटी छान दिसतात, पांढरं शीड, निळं पाणी, झालं. तुम्ही पैसे देताय ते खरं म्हणजे एका माणसाच्या डोक्याला. आज जायचं की नाही, शीड किती उघडायचं, कधी मागे फिरायचं हे तो ठरवणार, आणि तुमच्यापैकी कोणालाच त्यातलं कळत नसल्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर. म्हणून बुकिंगच्या आधी प्रत्यक्ष जो कॅप्टन येणार आहे त्याच्याशी फोनवर दहा मिनिटं बोलायला मिळेल का हे विचारा. ऑफिसमधल्या माणसाशी नाही, कॅप्टनशी. आणि बोलताना बघा की प्रश्न कोण विचारतंय. चांगला कॅप्टन पहिल्या दोन मिनिटांतच विचारतो की वयं काय आहेत, पोहता कोणाला येतं, कोणाचं ऑपरेशन झालंय का, कोणाला गाडी लागते का. नुसती तारीख आणि माणसं किती एवढंच विचारून जो "काही काळजी करू नका" म्हणतो त्याच्या बाबतीत मी तरी थोडी काळजी करेन.

आणि तुम्हीही त्याला खरं सांगा. लोक लपवतात हो, ट्रिप रद्द होईल या भीतीने. फिट येते, गरोदर आहे, गेल्या महिन्यात पाठ धरली होती, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, हे किनाऱ्यापासून तीन मैल आत गेल्यावर कळून काही उपयोग नसतो. आधी कळलं तर बहुतेक वेळा ट्रिप रद्द होतच नाही, मी फक्त वेळ बदलतो किंवा रस्ता बदलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. "हवा बिघडली तर कोण ठरवणार, आणि पैशांचं काय?" हा अगदी याच शब्दांत विचारा. उत्तर असं यायला हवं की कॅप्टन ठरवणार, आणि त्याने नाही म्हटलं तर तुम्हाला दुसरी तारीख किंवा पूर्ण पैसे परत. हे मी एवढं जोर देऊन का सांगतोय तर माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक ट्रिप आहे. बोट दुसऱ्याची होती, मी नुसता कॅप्टन, ट्रिप झाली तरच मला पैसे मिळणार. सकाळचा अंदाज होता वारा १५ नॉट, गस्टमध्ये, म्हणजे मधूनच येणाऱ्या जोराच्या झोतांत, २५. ग्रुप वाढदिवसाचा, लांबून आलेला, मालक म्हणाला लवकर जाऊन लवकर ये, आणि मी गेलो. तासाभरात २८ नॉट. मोठं शीड लहान करायला घेतलं, त्याला आम्ही रीफ करणं म्हणतो, तर रीफची दोरी कप्पीत अडकली, शीड असं फडफडत होतं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. मी एका हाताने सुकाणू धरलेलं, दुसऱ्या हाताने दोरी ओढतोय, आणि एक आठ-नऊ वर्षांची मुलगी माझ्या जॅकेटचा खालचा पट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरून उभी. रडत नव्हती, नुसती धरून होती. शेवटी पुढे डोलकाठीपाशी जाऊन मी दोरी सोडवली, तेवढा वेळ सुकाणू तिच्या वडिलांच्या हातात दिलं, ज्यांनी आयुष्यात कधी बोट चालवली नव्हती. सगळे सुखरूप परत आलो. पण तो पट्टा मला अजून जाणवतो. त्या दिवसापासून ट्रिप रद्द केली तर माझं नुकसान होईल अशा अटीवर मी काम घेतलं नाही. तुम्हीही असाच कॅप्टन शोधा ज्याला नाही म्हणायला खिसा आडवा येत नाही.

वाऱ्याचे आकडे थोडे समजून घ्या म्हणजे त्याच्याशी बोलता येईल. नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. ब्यूफोर्ट स्केल नावाची एक पट्टी आहे, १८०५ साली फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने बनवलेली, ० ते १२, आणि ती आजही वापरात आहे. त्यातला ३ म्हणजे ७ ते १० नॉट, ४ म्हणजे ११ ते १६, ५ म्हणजे १७ ते २१. तुमच्यासारख्या ग्रुपला ३ आणि ४ चा खालचा भाग, म्हणजे साधारण ८ ते १३ नॉट, हे उत्तम. बोट पळते, मजा येते, पाणी अंगावर येत नाही. ५ ला समुद्रावर जिकडेतिकडे पांढरा फेस दिसायला लागतो, सराव असलेल्यांना तेच आवडतं पण पहिल्यांदा जाणाऱ्या आजीला नाही. आणि हे लक्षात ठेवा की वारा दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे १० आणि २० नॉटमध्ये फरक "थोडा जास्त" असा नसतो. शिवाय अंदाजात दिलेला असतो तो सरासरी वारा, गस्ट त्याच्या ४० टक्के वर जाऊ शकतात. लाटेच्या उंचीचंही तसंच, एखादी लाट दिलेल्या आकड्याच्या दुप्पटही येऊ शकते. फोनवर ॲप बघून "आज तर १४ च दाखवतंय" म्हणून कॅप्टनशी वाद घालायचा असेल तर आधी गस्टचा रकाना बघा.

वेळ कुठली घ्यायची? किनाऱ्यालगत उन्हाच्या दिवसांत जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो, साधारण सकाळ संपता संपता सुरू होतो आणि दुपारी जोरात असतो. त्यामुळे ज्यांना भीती वाटते त्यांनी सकाळची वेळ मागावी, ज्यांना सेलिंगच अनुभवायचंय त्यांनी दुपारची. तुमच्या ग्रुपला मी सकाळी उशिरा निघायला सांगेन, पाणी शांत असताना सवय होते आणि नंतर हळूहळू वारा भरतो. सूर्यास्ताची ट्रिप फोटोला छान, पण वारा अनेकदा पडतो आणि अर्धा वेळ इंजिनवर जातो, शिवाय अंधारात लहान मूल आणि वयस्कर माणूस बोटीतून उतरवणं मला आवडत नाही.

भरती-ओहोटीचंही विचारून घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, प्रवाह जोरात, आणि वारा एकीकडून आणि प्रवाह समोरून आला की पाणी आखूड आणि उभं होतं, बोट आपटत चालते. भरती सुरू झाल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या तासात सगळ्यात जास्त पाणी सरकतं, साधारण निम्मं त्या दोन तासांतच. चांगला कॅप्टन तुमची निघायची वेळ यावरून अर्धा तास मागेपुढे करतो, तेव्हा "आम्ही तर दहा म्हटलं होतं" असं करू नका.

आता कागदपत्रं. नियम देशागणिक वेगळे, पण तत्त्व एकच आहे की पैसे देऊन माणसं बसवली की बोटीला आणि कॅप्टनला वेगळे नियम लागू होतात. अमेरिकेत छोट्या, तपासणीत न येणाऱ्या बोटीवर पैसे देणारे जास्तीत जास्त सहा जण नेता येतात, ब्रिटनमध्ये छोट्या चार्टर बोटींना बारापर्यंत परवानगी मिळते, आणि समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय सोलास करारात बारापेक्षा जास्त प्रवासी असले की ते प्रवासी जहाजच धरतात. तुम्ही जिथे जाल तिथला आकडा विचारा, आणि सहा म्हणून बुक करून ऐनवेळी सातवा आणू नका, मांडीवरचं बाळ एक माणूस म्हणून मोजतात का तेही आधीच विचारा. कॅप्टनचं लायसन्स प्रवासी नेण्याचं आहे ना, आणि बोटीचा इन्शुरन्स पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी आहे ना, हे दोन्ही विचारा. ओळखीतला कोणीतरी "माझी बोट आहे, पेट्रोलचे पैसे द्या, चला" म्हणतो तेव्हा गडबड इथेच असते, खासगी पॉलिसीत भाड्याची ट्रिप बहुतेक वेळा बसत नाही. विचारलं म्हणून चांगला माणूस चिडत नाही, मला कोणी विचारलं तर मला उलट बरं वाटतं.

बोटीबद्दल फार लिहित नाही. सहा जणांना ३५ ते ४० फूट पुरे. सुकाणूजवळच्या एका छोट्या पाटीवर किती माणसांची क्षमता ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं, पण तो आकडा सुरक्षिततेचा आहे, आरामाचा नाही. आठ लिहिलं असेल तर सहा जण ऐसपैस बसतील. एका पोटाची बोट, म्हणजे मोनोहल, वाऱ्यात कलते. कॅटामरान, दोन पोटांची, जवळजवळ कलत नाही, सावली आणि जागा जास्त, म्हणून वयस्कर माणसांना सोपी, पण भाडं जास्त आणि वारा अंगावर घेत बोट पळतेय ही जी भावना आहे ती मोनोहलला जास्त. सावलीला छत आहे का, पाण्यातून वर यायला शिडी आहे का, टॉयलेट चालतं का, एवढं विचारा. टॉयलेटमध्ये टिश्यू, पॅड, काहीही टाकायचं नाही, तिथल्या नळ्या अरुंद असतात आणि तुंबलं की उघडावं मलाच लागतं.

कलण्याची भीती सगळ्यांनाच वाटते म्हणून सांगतो. मोनोहलच्या पोटाखाली कील असते, शिशाचं किंवा बिडाचं वजन, बोटीच्या एकूण वजनाच्या साधारण एक तृतीयांश. बोट जसजशी कलते तसतसं ते वजन तिला परत उभं करायला जास्त जोर लावतं, आणि वरचं शीड वारा सांडायला लागतं. पंधरा-वीस अंश कलणं हे तिचं रोजचं चालणं आहे, आत बसलेल्याला मात्र ते पंचेचाळीस वाटतं. कोणाला नकोच वाटत असेल तर सरळ सांगा, शीड थोडं कमी केलं की बोट सरळ होते, वेग जेमतेम एखाद्या नॉटने उतरतो. हे सांगायला लाजू नका.

लाइफ जॅकेट. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी आणि मुलीने जेट्टीवर पाय ठेवल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत घालायचं, माझ्या बोटीवर यावर चर्चा नसते. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० वालं हे पोहता येणाऱ्यांना नुसती मदत, न पोहणाऱ्यांना किमान १००, आणि १५० वालं बेशुद्ध माणसालाही बहुतेक वेळा उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवतं. मुलीचं वजन आधीच कळवा आणि तिच्या मापाचं, पायांमधून जाणारा पट्टा असलेलं आहे का विचारा. घातल्यावर खांद्याच्या पट्ट्यांना धरून तिला हलकेच उचलून बघा, जॅकेट कानापर्यंत वर सरकलं तर ते तिच्या मापाचं नाही. मोठ्यांचं आवळून घातलेलं चालत नाही, पाण्यात मूल खालून निसटतं.

एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही तो हा: "कॅप्टनलाच काही झालं तर?" एकटा कॅप्टन आणि सहा नवखे, तो पाण्यात पडला किंवा छाती धरून बसला तर? म्हणून शक्य असेल तर सोबत एक खलाशी मागा. नसेल तर निघण्याआधी तुमच्यातल्या एकाला तीन गोष्टी शिकवायला सांगा. शिडाच्या दोऱ्या कुठल्या सोडल्या की बोट थांबते, इंजिन कसं चालू करायचं, आणि रेडिओ कसा वापरायचा. व्हीएचएफ रेडिओवर चॅनेल १६ हा संकटाचा चॅनेल, आणि बहुतेक सेटवर झाकणाखाली एक लाल बटण असतं, झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरलं की मदतीचा संदेश जातो, आणि सेटला जीपीएस जोडलेलं असेल तर बोट कुठे आहे तेही जातं. कोणी पाण्यात पडलंच तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हटवायची नाही, दुसरं काहीही करायचं नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि एकदा नजर हटली की ते परत सापडणं फार कठीण. हे सगळं सांगायला पंधरा मिनिटं लागतात. जो कॅप्टन ही पंधरा मिनिटं न देता दोर सोडतो त्याला तिथेच थांबवून विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वेळेचा हिशोब. चार तास घेतलेत तर चार तास सेलिंग होत नाही. बसणं, समजावणं, इंजिनवर बंदराबाहेर जाणं, परत येणं, बांधणं यात तास-सव्वा तास जातो. उरलेल्या वेळात पाच नॉटचा वेग धरा, आणि शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही, साधारण ४५ अंश तिरकी नागमोडी जावं लागतं, म्हणजे सरळ पाच मैलांचे सात होतात. त्यामुळे "त्या बेटावर जेवायला जायचंच" असं ठरवून येऊ नका. ठिकाण ठरवलं आणि वारा तिकडूनच असला तर सगळा वेळ इंजिनच्या घरघरीत जाईल. वारा जिकडे नेतो तिकडे जायची तयारी ठेवा, कॅप्टनला म्हणा आज जिथे चांगलं सेलिंग होईल तिथे न्या, त्याचा चेहराच खुलतो. भाड्यात इंधन, खलाशी, उशीर झाला तर जादा तास हे धरलंय का ते मात्र लेखी घ्या.

बोट लागण्याबद्दल. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि निघायच्या निदान तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर पोट ती शोषून घेत नाही. आईची बाकीची औषधं चालू असतील तर हे विचारणं आणखी गरजेचं. उपाशी येऊ नका, भरपेट पण येऊ नका. आतल्या केबिनमध्ये जायचं नाही, फोनमध्ये बघायचं नाही. कान सांगतो हलतंय आणि डोळे सांगतात नाही हलत, त्या भांडणातून मळमळ होते, म्हणून नजर क्षितिजावर. आणि माझा ठरलेला उपाय म्हणजे सुकाणू हातात द्यायचं. एकदा एक गृहस्थ चाळीस मिनिटांत पांढरेफटक पडले, बोलणं बंद, जांभया सुरू, म्हणजे पुढचा टप्पा काय ते मला माहीत होतं. त्यांना उठवून चाकाच्या मागे उभं केलं, म्हटलं तो दीपस्तंभ डोलकाठीच्या उजवीकडे ठेवा, बाकी काही बघू नका. पहिली पाच मिनिटं ओठ दाबून उभे होते. मग लाट यायच्या आधी चाक किंचित फिरवायला लागले, पाय आपोआप रुंद झाले, गालावर रंग आला, आणि नंतर दीड तास चाक सोडायला तयार नव्हते. प्रत्येकाला जमतंच असं नाही पण खूप जणांना जमतं. वाऱ्याच्या खालच्या बाजूला एक बादली मात्र ठेवायला सांगा.

दुखापती कशा होतात तर वादळात फार कमी, जेट्टीवर जास्त. सहा-सात टनांची बोट हाताने किंवा पायाने अडवायला जाऊ नका, कितीही हळू येत असली तरी. उडी मारायची नाही. बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालची आडवी काठी, कॅप्टन "डोकं" म्हणाला की प्रश्न न विचारता खाली वाकायचं. विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या चक्रीवर, दोरी गुंडाळलेली असताना बोटं लांब, लांब केस बांधलेले, अंगठ्या घरी. इंजिन चालू असताना मागच्या शिडीपाशी कोणीही नाही, पोहायचं असेल तर इंजिन बंद झाल्यावर आणि कॅप्टनने हो म्हटल्यावर. पायात पांढऱ्या किंवा डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, चपला नकोत.

मुलीला काम द्या. प्रवासी म्हणून बसवलेलं मूल वीस मिनिटांत कंटाळतं आणि मग फिरायला लागतं. तिला दुर्बीण द्या, बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, मोजायला द्या, किंवा शिडावर चिकटवलेले लोकरीचे छोटे धागे असतात, ते दोन्ही बाजूंनी सरळ मागे उडतायत का ते बघून मला ओरडून सांगायचं. हे खरंच उपयोगी काम आहे, धागा फडफडला म्हणजे शीड नीट लावलेलं नाही. माझ्या बोटीवर हे काम केलेल्या काही मुली आज स्वतः बोट चालवतात.

आणि आई. न्या. एकाहत्तर हे वय अडचण नाही, चढणं-उतरणं ही अडचण आहे. बोट तरंगत्या जेट्टीला लागणार आहे की छोट्या होडीतून जाऊन मग चढायचंय, हे पहिलं विचारा. होडीतून असेल तर दुसरी बोट शोधा. तरंगती जेट्टी पाण्याबरोबर खालीवर होते त्यामुळे पायरीची उंची बदलत नाही, फक्त जेट्टीवर उतरणारा रॅम्प ओहोटीला फार उभा होतो, तेव्हा येण्या-जाण्याची वेळ भरतीच्या आसपास ठरवून घ्या. बसायला त्यांना कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बसायच्या जागेत, पुढच्या कोपऱ्यात, केबिनच्या भिंतीला पाठ टेकवून, तिथे हलतं कमी आणि वारा-पाणीही कमी लागतं. अंगावर एक जास्तीचा थर, पाण्यावर नेहमी वाटतं त्यापेक्षा गार असतं. आणि गुडघा दुखत असेल तर कुठला, उजवा की डावा, हे कॅप्टनला आदल्या दिवशीच सांगा. बोटीत पाय टाकताना डोलकाठीच्या बाजूची तार त्यांच्या कुठल्या हाताला यायला हवी ते त्यावरून कळतं, आणि मग बोट कुठल्या अंगाने जेट्टीला लावायची ते तो ठरवेल.